उत्तरपूजा

दरवर्षी ३१ मार्चच्या रात्री मला बोरिवलीहून एक निरोप येतो. 'शिल्लक रुपये १,३४०. पुढे ओढली आहे.' खाली नाव नसतं. असा निरोप पाठवणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. तो सीए आहे आणि २००६ सालापासून आमचा भगत आहे.

भगत म्हणजे लिंबू-मिरचीवाला नव्हे. म्हणजे तोच, पण फक्त रविवारी आणि तेही दुपारी चार ते रात्री साडेनऊ.

२०२४च्या निरोपाला शेपूट होतं. 'बंद करू या का?'

मी फोन पालथा ठेवला आणि कारण नसताना मिक्सरचं भांडं घासायला घेतलं. बंद करायला आधी काही चालू असायला हवं ना? आम्ही शेवटचे जमलो होतो २०१६च्या जुलैत. त्यानंतर एकमेकांकडच्या बारशांना भेटलो, एका मुंजीला भेटलो, एकदा तेराव्याला भेटलो. खेळायला म्हणून नाही. तरी 'बंद' हा शब्द कोणी तोंडातून काढला नव्हता. 'सध्या थांबलंय' असं म्हणायचो. आमचं हे 'सध्या' एखादं मूल असतं तर एव्हाना तिसरीत गेलं असतं.

हा तसा आपल्याकडचा रिवाजच. मंडळ काढायचं कसं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही, फोडायचं कसं हे तर मुळीच नाही. बंद करायचं कसं, तिथे मात्र आपलं घोडं अडतं. आमच्या मुलुंडात एका गल्लीत व्यायामशाळेचा फलक आहे. आत तीन स्कूटर आणि एक मोडका पाळणा. कार्यकारिणीची नावं फलकावर अजून आहेत. त्यातले दोघे डोंबिवलीला गेले, दोघे त्याच्याही पलीकडे. पण व्यायामशाळा बंद पडली का, असं विचारून बघा. "छे हो, सध्या थांबलीय."

आम्ही सहा जण जो खेळ खेळायचो त्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. टेबलाभोवती बसून सोंगं आणायचा खेळ, एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. पट नाही, पत्ते नाहीत, समोर प्रतिस्पर्धी नाही. एक जण सूत्रधार. तो सांगतो, "पुढे भुयार आहे, भिंतींना ओल आहे, आतून काहीतरी कुजल्याचा वास येतोय. काय करता?" मग बाकीचे आपापल्या सोंगाला शोभेल ते करतात, म्हणजे करतो असं म्हणतात. "मी मशाल पेटवतो." "मी दाराला कान लावतो." जमलं की नाही ते फासा ठरवतो. बस्स. हे असं दहा वर्षं.

माझ्या आईने पहिल्या वर्षी दर रविवारी रात्री विचारलं, "कोण जिंकलं?" दुसऱ्या वर्षी तिने "जेवायला काय वाढू?" एवढंच विचारायला सुरुवात केली. या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि खेळ संपतही नाही, हे तिला पटवायला मला जमलं नाही. "मग थांबता कसे?" असं ती एकदाच म्हणाली होती. तेव्हा मी हसले होते.

सूत्रधार मी. इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात, म्हणजे डीएम. आमच्या सोसायटीचा वॉचमन जौनपूरचा. तिकडे डीएम म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर, हे त्यालाच ठाऊक, आम्हाला नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्याने पोरांना गेटवर विचारताना ऐकलं, "डीएम आली का?" त्या दिवसापासून मी रिक्षातून उतरले की तो खुर्चीवरून उठायचा. पाण्याचा टँकरवाला गेटात आडवा लागला तर त्याला दम द्यायचा, "डीएम मैडम की गाड़ी निकलेगी." माझ्याकडे त्या काळी लोकलचा सेकंड क्लासचा पास होता. मी कधी खुलासा केला नाही. सरकारी नोकरीची परीक्षा न देता मिळालेला तेवढाच एक हुद्दा.

मंडळी अशी. चोर होता तो बँकेत कर्जवसुलीला. आठवडाभर दुसऱ्यांचे दरवाजे ठोठावायचे आणि रविवारी न ठोठावता उघडायचे, यात त्याला मोठं सुख वाटे. घाटकोपरची योद्धी दातांची डॉक्टर, उंची चार फूट अकरा इंच. खेळात तिच्या खांद्यावर दुधारी कुऱ्हाड. मांत्रिक अंधेरीचा, बारावीच्या क्लासात फिजिक्स शिकवायचा. त्यामुळे त्याने हातातून आगीचा लोळ सोडला तरी ती उष्णता आली कुठून हे त्याला सतावायचं. गवई भांडुपचा, मूळ गाव कुडाळकडे. टेबलच वाजवायचा, पण लयीत. आणि भगत. लढाईत जखमा बांधणं हे त्याचं काम. प्रत्यक्षात तो प्रत्येकाच्या खात्यातल्या सोन्याच्या मोहरांचा हिशेब ठेवायचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण खोटी पडणारी जागा मी एकच पाहिली, ती म्हणजे आमचं टेबल. २०११ साली आमच्याकडे चौदा हजार मोहरा होत्या आणि चहाची वर्गणी तीन महिन्यांची थकलेली होती.

आता फाशाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावाने सूटकेसमध्ये चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या मधे खेळाचं जाडजूड पुस्तक आणलं, फासे आणायचे विसरला. २००६ साली मुलुंडात वीस बाजूंचा फासा मागितला की दुकानदार आधी लुडोचा दाखवायचा आणि मग आपल्याकडे काळजीने बघायचा.

आम्ही बसायचो ते सोसायटीच्या ऑफिसात. तिथल्या कपाटात गणपतीचं मखर, दोन समया, झांजा आणि हाउजीचा संच. निळ्या कापडाची नाडीची पिशवी आणि तिच्यात लाकडाच्या नव्वद चकत्या. त्यातल्या १ ते २० आम्ही वेगळ्या काढायच्या, खेळून झालं की परत टाकायच्या. पिशवीत हात घातला की आत चकत्यांचा सुपारीसारखा आवाज व्हायचा. २० नंबर बोटांनी चाचपून चाचपून गुळगुळीत झालेला. १७ची कड उडालेली, त्यामुळे तो न बघता ओळखू यायचा. म्हणूनच कोणी १७ काढला की बाकीचे संशयाने बघायचे. शिवाय काढलेला आकडा लगेच परत टाकायचा, हा नियम मांत्रिकाने घालून दिला. नाहीतर चोर काय करायचा, १ आला की तो मुठीत दाबून ठेवायचा. १ गेला की पुढच्याला धोकाच नाही. "संभाव्यता बिघडते!" म्हणून मांत्रिक ओरडायचा, आणि चोर शांतपणे, "मी चोर आहे."

पुढे मला कळलं की यात आम्ही एकटे नव्हतो. १९७९च्या सुमाराला खुद्द खेळाच्या कंपनीलाच फासे पुरेनासे झाले होते. तेव्हा त्यांनी खोक्यात आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून दिले. सुटे करा, भांड्यात टाका, एकेक काढा. म्हणजे हाउजीच की. आणि वीस बाजूंचा फासा हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधले, बाजूबाजूवर ग्रीक अक्षरं कोरलेले फासे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. मावसभाऊ तिथून ट्रेनने तासाभरावर राहतो. तरी विसरला. २००८ला त्याने शेवटी सात फाशांची पुडी आणली. आम्ही ते फासे रोजच्या किरकोळ कामाला वापरले. मोठ्या प्रसंगाला पिशवीच.

मुंबईच्या उपनगरांत सहा माणसं दर रविवारी एका टेबलाशी आणणं, हा खरा पराक्रम. तो पुस्तकात नाही. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये नॅशनल पार्कचा डोंगर आहे. कावळ्याला वाट सरळ. भगताला मात्र पश्चिम रेल्वेने दादर, जिना चढून पूल, जिना उतरून मध्य रेल्वे आणि मग मुलुंड. त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉक. 'माटुंगा ते मुलुंड दरम्यान' ही अक्षरं शनिवारच्या पेपरात दिसली की मी त्या आठवड्याचा राक्षस रद्द करायचे. आणखी कशाला. मांत्रिक अंधेरीहून ३४० नंबरच्या बसने घाटकोपरला यायचा. साकीनाक्याला बस थांबली की तो आतून कळवायचा, "माझ्याशिवाय लढाई सुरू करू नका." आम्ही तोवर लढाई हरलेलो असायचो. २०१४च्या ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटर, वीस-एकवीस मिनिटं. पुढल्याच रविवारी तो सर्वांच्या आधी येऊन बसला होता आणि हवेत लोंबकळणाऱ्या माणसासारखा दिसत होता. वेळेवर पोचलेल्या माणसाने करायचं काय, हे त्याला माहीतच नव्हतं.

आपल्याकडच्या प्रत्येक किल्ल्यावर एक भुयार असतं. ते थेट दुसऱ्या किल्ल्यात निघतं. गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, आणि त्यातून पलीकडे गेलेला माणूस कोणी पाहिलेला नसतो. माझी सगळी कथानकं मी या एका भांडवलावर चालवली. परदेशी पुस्तकातल्या किल्ल्यांना खंदक असतात, झुलते पूल असतात. माझ्या किल्ल्यांना बुजलेली टाकी, कोरलेल्या पायऱ्या आणि भुयार. नकाशे चोख हवेत म्हणून आम्ही एकदा बोरिवलीला कान्हेरीला गेलो. एका डोंगरात शंभराहून जास्त लेणी, पाण्याची टाकी, एका लेण्यातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या खडकातल्या पायऱ्या. भिक्खूंनी शतकानुशतकं कोरून ठेवलेलं ते सगळं आम्ही चौकटीच्या वहीत उतरवत होतो, तेव्हा रखवालदार येऊन म्हणाला, "आर्किटेक्ट का?" चोर म्हणाला, "नाही, आत शिरायचं कसं ते बघतोय." पुढची पंधरा मिनिटं भगताने त्याची समजूत घालण्यात घालवली. परतताना संध्याकाळ झाली, झाडीत काहीतरी खसपसलं. कागदावर अजगर, वेताळ आणि सात डोक्यांचे नाग मारलेली आमची फौज, दुधारी कुऱ्हाडीसकट, बसथांब्यापर्यंत धावत आली. कुत्रं होतं. पण नॅशनल पार्कात बिबटे आहेत, आणि बिबट्याला किती आकडा लागतो ते पुस्तकात बघायला वेळ नव्हता.

आता त्याच डोंगराखालून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा जुळा बोगदा जाणार आहे. प्रत्येक नळी सुमारे पावणेपाच किलोमीटरची. महाराष्ट्रातलं दुसऱ्या तोंडाने खरोखर बाहेर निघणारं भुयार, आणि तेही भगताला निघायचं असायचं तिथेच. भगताला ही बातमी मी कळवली. त्याने उत्तर दिलं, "उशीर."

गवयाच्या मामांबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. मामा दशावतारात राजपार्ट करायचे. एकदा कामासाठी मुंबईला आले होते, भाच्याबरोबर रविवारी आमच्याकडे आले. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसले, मध्ये एकदा तंबाखू मळली, बोलले नाहीत. आम्ही लाजलो होतो; खऱ्या नटासमोर खोटा आवाज काढायची चोरी. शेवटी मामा म्हणाले, "ह्या तर आमचाच. तुमी फक्त बसान करतास."

आणि मग त्यांनी सांगितलं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. जत्रेच्या दिवशी आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी ते ठरतं, आणि भाषणं जागेवर. समोरचा काय बोलेल ते ठाऊक नसतं. त्याने शाप दिला तर आपण उःशाप मागायचा, त्याने नाही दिला तर आपणच त्याला द्यायला लावायचा. सुरुवातीला संकासुर येऊन लोकांना हसवून जातो. साथीला पेटी, मृदंग, झांज. पहाटेपर्यंत. आणि सकाळी तोंड धुऊन पेटारा डोक्यावर, पुढचं गाव. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण त्यांच्याच धंद्यातली. "तुमचा काय जाता? तुमका सोमवारी हापिसात जावचा लागता, तितक्याच," असं म्हणून ते हसले.

मी त्यांना गॅरी गायगॅक्सची गोष्ट सांगितली, मला जेवढी माहीत होती तेवढी. १९७४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावातून या माणसाने आणि डेव्ह आर्नेसनने हा खेळ बाहेर काढला. पहिल्या छपाईच्या १,००० प्रती, खोकी घरीच हातांनी भरलेली. गायगॅक्स आधी विम्याच्या कंपनीत होता. नोकरी गेली तेव्हा बूट दुरुस्त करून त्याने घर चालवलं. दिवसा टाचा ठोकायच्या, रात्री अग्निसर्प. मामांनी मान डोलावली. त्यांना यात नवल वाटलंच नाही. पुढे दोघांत श्रेयावरून कोर्टकज्जे झाले, हेही सांगितलं. "कंपनी फुटली," मामा म्हणाले. नाटक कंपनी असो की खेळाची, त्यांच्या दृष्टीने तो नेहमीचा शेवटचा अंक.

निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "तुमचो दहीकालो कधी?"

दशावतार संपतो तो दहीकाल्याने. पहाटे हंडी फुटते, लोकांना काला वाटतात, मग कोणी विचारत नाही की राक्षसाचं पुढे काय झालं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यात तसं काही नव्हतं. आम्ही साडेनऊ वाजले की थांबायचो, कारण नऊ सत्तावन्नची गाडी.

२०१६च्या त्या जुलैत बाहेर धुवांधार पाऊस होता. आमची फौज पाच महिन्यांपासून एकाच भुयारात उतरत होती आणि त्या दिवशी शेवटच्या दाराशी पोचली. लोखंडी दार, त्यावर पितळी फुलं. चोराने कुलपाला हात घातला. मी म्हटलं, पंधरा किंवा वर. मोठा प्रसंग, म्हणून पिशवी. त्याने पिशवीत हात घातला, चकत्या खुळखुळल्या, मूठ बाहेर आली. त्याच क्षणी सेक्रेटरींनी दार ढकललं आणि खाली पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलंय, गाड्या हलवा, असं सांगितलं. सगळे पळाले. गाडी एकाचीच होती, पण पळाले सगळे.

पुढचा रविवार योद्धीच्या लग्नाच्या खरेदीत गेला. त्याच्या पुढचा मेगाब्लॉकमध्ये. चोराची बदली पुण्याला झाली. मांत्रिकाने स्वतःचा क्लास काढला; रविवार हाच तर क्लासवाल्यांचा सोमवार. २०१७त आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली, ऑफिस पडलं, कपाट पडलं. भांडण झालं नाही, कोणी रुसलं नाही. "या रविवारी?" "पुढच्या नक्की." हेच फिरून फिरून, मग तेही नाही. आणि ती पाच माणसं त्या दाराशी तशीच उभी, आठ वर्षं, मशाल धरून. कधी कधी रात्री मला त्यांची आठवण यायची. त्या मशालीचं तेल मी एक तासाचं सांगितलं होतं.

तर 'बंद करू या का?' मी भगताला फोन केला. त्याने आधीच कायदा वाचला होता. संस्था विसर्जित करायची तर १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. विसर्जनानंतर देणी भागवून जे उरेल ते सभासदांनी वाटून घ्यायचं नाही. दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचं. "म्हणजे या तेराशे चाळीसची मिसळ खाता येणार नाही," तो म्हणाला.

"पण आपली नोंदणी कुठे आहे?"

"नाही. त्याला किमान सात माणसं लागतात. आपण सहा."

"मग आपल्याला कायदा लागू कसा?"

"होत नाही," भगत म्हणाला. "पण मला उघडी वही ठेवून झोप येत नाही."

ऑगस्टमधल्या एका रविवारी जमायचं ठरलं. मेगाब्लॉक होताच. तरी सगळे आले. चोर पुण्याहून पहाटेच्या गाडीने. नव्या इमारतीत आता क्लब हाउस आहे. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीला एक फळी आणि तिच्यावर कोणी न उघडलेले खेळांचे तीन खोके. वॉचमनही बदललेला, एजन्सीचा. वहीत नाव लिहा म्हणाला. मी नाव लिहिलं, त्याने वाचलंसुद्धा नाही.

सुरुवातीला कोणाला काही सुचेना. योद्धीच्या केसांत पांढरं दिसत होतं, मांत्रिकाचा चष्मा दोन मजली झाला होता. गवयाने टेबलावर बोटं टेकवली आणि लगेच उचलली, टेबल काचेचं. त्याचे मामा दोन वर्षांपूर्वी गेले, ते त्याने तेव्हाच सांगितलं.

"बंद करायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" मांत्रिकाने विचारलं.

"उत्तरपूजा," योद्धी म्हणाली. तिच्या माहेरी दीड दिवसाचा गणपती. "आरती होते, अक्षता वाहतात, आणि मूर्ती जागेवरून इतकीशी हलवतात. बोटभर. मग ती उचलायला मोकळी."

भगताने वही उघडली. जमा, खर्च, चहा, पाववडे, झेरॉक्स, एकदा फुटलेल्या ट्यूबलाइटची भरपाई. सगळं बरोबर होतं. तो लाल पेनाने दुहेरी रेघ मारणार एवढ्यात चोर म्हणाला, "थांब, माझी खेळी राहिलीय."

त्याने पाकीट काढलं. सुट्या पैशांच्या कप्प्यात बोट घातलं आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. काचेवर टक असा आवाज झाला. लाकडाची चकती, कड उडालेली. १७.

"त्या दिवशी मुठीतच राहिली," तो म्हणाला. "खाली पाण्यात गाडी ढकलली, मग लोकलमध्ये लक्षात आलं. परत टाकायची होती, पण मग पुन्हा काढावी लागली असती." बायकोने तीनदा विचारलं म्हणे, हे काय आहे. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं, शनीची वस्तू आहे. त्यानंतर तिने पाकिटाला हात लावला नाही.

"पंधराच्या वर आहे," मांत्रिक म्हणाला. त्याच्या आवाजात बारावीच्या मुलासारखं काहीतरी होतं. "म्हणजे दार उघडलं."

"दार २०१६लाच उघडलंय," भगत म्हणाला. "फक्त नोंद आज होतेय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत काय आहे? योद्धीला वाटत होतं, मी तेव्हा पाण्याचा आवाज सांगितला होता. गवई शपथेवर सांगत होता की आतून कोणीतरी गात होतं. चोराने आठ वर्षांत पुण्याच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ती खोली इतक्या वेळा पाहिली होती की तिच्यातल्या पेट्यांची संख्या त्याला पाठ होती. मी माळ्यावरून काढून आणलेली माझी चौकटीची वही उघडली. कान्हेरीच्या पायऱ्यांचा नकाशा, टाकी, भुयार, त्याचं वळण, शेवटी दाराची खूण. त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दारामागे काय: पुढच्या रविवारी ठरवू.'

मी ती ओळ वाचून दाखवली. कोणी रागावलं नाही. चोर तेवढा म्हणाला, "पेट्या सात आहेत. लिहून घे." मी लिहून घेतलं. मग गवयाने गाणाऱ्या बाईचं सांगितलं, तेही लिहिलं. योद्धीचं पाणी लिहिलं. मांत्रिक म्हणाला, खोलीत हवा आली कुठून ते आधी ठरवा, तेव्हा भगताने एक झरोका दिला. पान भरलं, मागचंही भरलं. मग भगताने दुहेरी रेघ मारली. मिसळ खाल्ली ती ज्याच्या त्याच्या पैशाने.

तेराशे चाळीस रुपये सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीत भरले. सेक्रेटरी तेच, आता काठी घेऊन चालतात. पावती कोणाच्या नावे करू म्हणाले. आमच्या मंडळाला नाव कधी नव्हतंच. त्यांनी थोडा विचार करून लिहिलं, 'डीएम मॅडम आणि मंडळी'. म्हणजे त्यांना ठाऊक होतं तर. मग मी १७ची चकती त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला. त्या वर्षीच्या गणपतीत हाउजीला ती सापडली नव्हती, कार्यक्रम अर्धा तास अडला होता, आणि बी विंगमधल्या दोन निरपराध पोरांना त्यावरून बोलणी बसली होती. शेवटी पुठ्ठ्याचा १७ कापला. तो तेव्हापासून चालूच आहे. "आता हा टाकतो त्यात आणि पुठ्ठ्याचा काढून टाकतो," ते म्हणाले आणि चकती सदऱ्याच्या खिशात घातली.

सप्टेंबरमध्ये गणपती बसले. तिसऱ्या दिवशी रात्री क्लब हाउसमध्ये हाउजी. नवी पिशवी आहे, लाल मखमलीची. आतल्या चकत्या जुन्याच. मी मागच्या रांगेत तिकीट घेऊन बसले होते. आकडे पुकारणारा मुलगा सी विंगचा, माइक तोंडाला चिकटवून. "वन अँड सेव्हन, सेव्हन्टीन!" माझ्याकडे १७ होता, मी खोडला. मग बराच वेळ दुसरे आकडे. कोणीतरी पहिली लाइन घेतली, टाळ्या झाल्या, बटाटेवडे फिरले. पिशवी पुन्हा खुळखुळली, मुलाने हात घातला, बाहेर काढला आणि हातातल्या तुकड्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"वन अँड सेव्हन," तो म्हणाला, "सेव्हन्टीन?"

"अरे, सतरा मघाशी झाला ना?" पुढच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या. मी तिकिटात डोकं घातलं.